वाटी उचलून खाणारा देश

जपानला जाऊन आलो असं कुणाला सांगितलं की तो आधी माझ्या पोटाकडे बघतो आणि मग विचारतो, "खाण्याचे हाल झाले असतील ना हो?" डोंगर, देवळं, वेगवान गाड्या यांची चौकशी त्यानंतर. परदेशाबद्दल आपल्याला खरी काळजी एवढीच. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो की हाल अजिबात झाले नाहीत. उलट वर्षभराच्या खंडानंतर मी चारचौघांत बसून निवांत जेवलो तो थेट जपानात, आणि त्याबद्दल त्या देशाचे आभार मानावेत म्हणून हे लिहायला बसलो आहे.

थोडं मागे जावं लागेल. मला विडी-तंबाखूचं, पत्त्यांचं, कसलंच व्यसन नाही. व्यसन एकच, बाहेर खाण्याचं. ठाण्यात कुठली मिसळ उशिरा गेलं की पातळ होते आणि कुठल्या खानावळीत बांगडा कधी ताजा असतो, हे मला विचारावं. निवृत्त झाल्यावर आम्ही चार मित्रांनी, म्हणजे दिलीप, शशी, कुलकर्णी आणि मी, एक पद्धत पाडली. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी हॉटेलात जेवायचं आणि मग कोपऱ्यावरच्या टपरीवर उभं राहून चहा घ्यायचा. चहा फुल. कटिंग मागवणं म्हणजे दिलीपच्या मते कंजूषपणाची हद्द. "अर्धा चहा पिणारा माणूस मित्रही अर्धाच असतो," हे तो टपरीवाल्यालासुद्धा ऐकवायचा.

मग माझा उजवा हात थरथरायला लागला. आधी सही गेली. उभी हयात मी बँकेत लोकांच्या सह्या ताडून पाहिल्या आणि आता माझीच सही माझ्याच बँकेत जुळेना. मग चमच्याची पाळी आली. डॉक्टर म्हणाले, "हा नुसता कंप आहे. दुसरं काही नाही, घाबरू नका. पण जाणारही नाही." हात मांडीवर असला की शहाण्यासारखा गप्प असतो. घास घेऊन तोंडाकडे निघाला की वाटेत त्याला काय होतं कोण जाणे, आणि कुणी बघतंय असं वाटलं की मग विचारूच नका.

शेवटच्या रविवारी टपरीवर भरलेला ग्लास उचलला आणि निम्मा चहा शर्टावर सांडला. त्याच दुपारी दिलीपशी क्रिकेटवरून कडाक्याची वादावादी झाली होती, त्यामुळे रागाच्या भरात ग्लास हिंदकळला असं सगळ्यांना वाटलं. मीही तसंच वाटू दिलं. पुढच्या महिन्यात एका लग्नाचं निमित्त सांगितलं, त्याच्या पुढच्या महिन्यात पोटाचं. नंतर तर निमित्त सांगायचंही सोडून दिलं. दिलीपचा फोन आला की माझी बायको सुनंदा उचलायची आणि "ते झोपलेत" म्हणायची. मी तिच्यासमोर टक्क जागा बसलेला असायचो.

उरायासु

आमची मुलगी केतकी आणि जावई निखिल उरायासुला राहतात. तोक्योला लागूनच असलेलं समुद्रकाठचं गाव. पूर्वी कोळ्यांचं होतं म्हणतात, आता उंच उंच इमारतींत आपल्याकडची बरीच कुटुंबं भाड्याने राहतात. केतकी रोज तोझाई लाइनने तोक्योत ऑफिसला जाते. नात ओवी दुसरीत आहे. तिला मराठीत विचारलं की ती जपानीत उत्तर देते, आणि आपल्याला कळलं नाही की कीव आल्यासारखं इंग्रजीत सांगते. या मंडळींनी आमची तिकिटं काढली तेव्हा मला आनंद झाला, पण धास्तीही वाटली. मुलीला बापाचं व्यसन माहीत. ती रोज कुठे ना कुठे जेवायला नेणार हे उघड होतं.

पहिले काही दिवस मी निभावून नेले. सकाळी नदीकाठाने फिरायचं, बांधून ठेवलेल्या होड्या बघायच्या. जुन्या वस्तीत शिंपल्या भाजून विकणारं एक दुकान होतं. त्याच्यासमोरून जाताना त्या वासाने पाय आपोआप थांबायचे, पण मी ते उचलून पुढे टाकायचो. संध्याकाळी केतकीने विषय काढला की माझं ठरलेलं वाक्य तयार असायचं: "कशाला? घरचंच बरं."

"बाबा, तुम्ही? घरचंच बरं?" केतकी म्हणाली. "तुमची तब्येत बरी आहे ना?"

अखेर एका शनिवारी ओवीने हट्ट धरला आणि आम्ही त्यांच्या नेहमीच्या रेस्टॉरंटात गेलो. हे रेस्टॉरंट म्हणजे आपल्याकडे आठवडाभर सांगत बसावं असं प्रकरण. दारातच काचेच्या कपाटात सगळे पदार्थ मेणाचे हुबेहूब करून मांडलेले. आत बसलो की गुंडाळलेला गरम ओला रुमाल मिळतो. मी त्याने आनंदाने तोंड, मान आणि कानामागे पुसून घेतलं, तेव्हा केतकी दबक्या आवाजात "बाबा, फक्त हात, फक्त हात" करत राहिली. थोड्या वेळाने मांजराचे कान लावलेलं एक यंत्र स्वतःच चालत आमचं जेवण घेऊन आलं आणि काहीतरी गोड बोललं. सुनंदाने त्याला "थांब हं बाळा, घेते" असं म्हणून ताटल्या उतरवल्या, आणि ते परत निघालं तेव्हा "पाणी दिलं असतं तर बरं झालं असतं" असंही म्हणाली.

इथपर्यंत सगळं मजेत चाललं होतं. माझ्यासमोर मक्याचं सूप आलं, पसरट बशीत. मी चमचा भरला. निम्म्या वाटेवर तो बशीच्या कडेवर असा खणखणायला लागला की शेजारच्या टेबलावरचं मूल वळून बघायला लागलं. मी घाई केली. व्हायचं तेच झालं, सूप ओवीच्या चित्रावर सांडलं. तिने नुकताच रंगवलेला हत्ती पिवळ्या सुपात बुडाला. ओवीने कागदी रुमालाने हत्ती टिपून घेतला, पण केतकीचा चेहरा मला दिसला. "माझं पोट भरलं," असं सांगून मी हात मांडीवर ठेवून दिला.

घरी आल्यावर केतकी बाल्कनीत माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"बाबा, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"आई फोनवर म्हणाली होती थोडं थरथरतं म्हणून. हे थोडं आहे?"

"थोडंच आहे. चमचे इथले जड आहेत."

ती हसली नाही. माझ्या विनोदाला हसत नाही अशी ती माझ्या आठवणीत पहिलीच वेळ होती.

बसून सांगितलेली गोष्ट

यानंतर निखिलने एक युक्ती लढवली. जेवायचं नावच न काढता त्याने आम्हाला तोक्योत एका छोट्या नाट्यगृहात नेलं. तिथे राकुगो नावाचा प्रकार बघितला. एक माणूस किमोनो घालून उशीवर गुडघे दुमडून बसतो आणि एकटाच गोष्ट सांगतो. जवळ फक्त एक मिटलेला पंखा आणि एक रुमाल. उठायचं नाही, चालायचं नाही. आपला कीर्तनकार उभा राहून, नाचून, झांजा वाजवून जे करतो, ते हा कमरेवरच्या अंगाने करतो. मान डावीकडे केली की नवरा, उजवीकडे केली की बायको. मला एक शब्द कळत नव्हता आणि तरी मी हसत होतो. शेजारच्या आजीबाई माझ्याकडे बघून दुप्पट हसत होत्या.

मध्येच त्या माणसाने डाव्या हातात एक नसलेला वाडगा धरला, मिटलेल्या पंख्याच्या जेवायच्या काड्या केल्या आणि शेवया खायला लागला. वाडगा थेट हनुवटीपाशी. आणि मग त्याने जो भुरका मारला, तो काय सांगू! लांबलचक, शेवटी गिरकी घेणारा. सगळ्या नाट्यगृहाने टाळ्या वाजवल्या. मी सुनंदाकडे बघितलं. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात हॉटेलात आमटीचा भुरका मारल्याबद्दल तिने मला टेबलाखालून चिमटा काढला होता, आणि तेव्हापासून ही चिमट्याची व्यवस्था चालूच आहे. इथे त्याच गोष्टीला लोक तिकीट काढून दाद देत होते.

बाहेर पडलो तेव्हा बोचरी हवा सुटली होती आणि मला कडकडून भूक लागली होती. नाट्यगृहाच्या मागेच सोब्याचं एक चिंचोळं दुकान होतं. सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या लांब शेवया, गरम सारात बुडवलेल्या. निखिल अगदी सहज म्हणाला, "बाबा, पाच मिनिटं टेकायचं का?" आणि माझ्या तोंडून हो निघून गेलं. त्याचा डाव मला फार उशिरा कळला.

भिंतीकडे तोंड करून एका रांगेत बसायचं होतं. समोर कुणी नाही, हे पाहून जरा बरं वाटलं. वाडगा आला. घासाचा प्रवास कमी व्हावा म्हणून मी माझी घरची युक्ती केली. वाडगा टेबलावरच ठेवून तोंड त्याच्याजवळ नेलं.

"आजोबा, दमे!" ओवी ओरडली. दमे म्हणजे चालणार नाही. हा शब्द मी उरायासुच्या घरात सगळ्यात जास्त ऐकला आहे.

"काय झालं गं?"

"तसं डॉगी खातो. बाउल उचलायचा. शाळेत सेन्सेई रागावते."

"अगं, पण हात..."

"उचला ना!"

केतकी काही बोलायला गेली, पण निखिलने तिला खुणेनेच थांबवलं. मी डाव्या हाताने वाडगा उचलला आणि हनुवटीखाली धरला. उजवा कोपर अंगाला चिकटवून काड्यांनी शेवया नुसत्या तोंडाकडे ढकलल्या. हाताला प्रवास असा उरलाच नव्हता. तो थरथरला की शेवया थरथरत होत्या, पण वाडगा खालीच असल्यामुळे जे पडत होतं ते घरच्या घरीच पडत होतं. मग मी सुनंदाकडे बघितलं आणि भुरका मारला. चिमटा आला नाही. पलीकडच्या टायवाल्या साहेबांनी माझ्याहून मोठा भुरका मारला. शेवटी वाडगा दोन्ही हातांनी तोंडाला लावून सार शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो. आपल्याकडे चारचौघांत ताट-वाटी तोंडाला लावणारा माणूस अडाणी ठरतो. इथे न लावणाऱ्याला दुसरीतली मुलगी दटावत होती.

सुनंदानेही एक भुरका मारून बघितला आणि तिला जोराचा ठसका लागला. "सवय नाही हो," ती डोळे पुसत म्हणाली. ते पाणी नुसतं ठसक्याचं नव्हतं, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

त्यानंतर मी सुटलो. भात, मिसो नावाचं आंबट-खारट सार, भाजलेला मासा, वाफवलेलं अंडं, सगळं छोट्या छोट्या वाट्यांत येत होतं आणि सगळं उचलून खायची रीत होती. पानही मांडतात आपल्यासारखंच नेमाने. आपल्याकडे मीठ, लिंबू, चटणी डावीकडे आणि भाजी उजवीकडे, तसा त्यांचा भात डावीकडे आणि सार उजवीकडे. उलटं मांडलं तर ओवी सरळ करते. खाण्याआधी हात जोडून "इतादाकिमासु" म्हणतात. माझे वडील ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालायचे, त्याची मला रोज आठवण व्हायची. आणि शिंपल्यांचं ते दुकान मी सोडलं नाही, हे सांगायला नकोच.

एकदा मात्र घसरलो, तेही आपल्याच माणसांत. तोक्योतल्या निशी-कसाईला हिंग आणि पोहे आणायला गेलो होतो. तिथे इतकी भारतीय दुकानं आहेत की सुनंदाने जपानी बाईलाही "जरा सरका हं" म्हटलं. शेजारच्या हॉटेलात थाळी घेतली. खणांची थाळी, उचलायला वाट्याच नाहीत, त्यामुळे वरणाने पुन्हा दगा दिला. समोरच्या टेबलावर मुलुंडचे एक सद्गृहस्थ होते. ते उठून जवळच आले. "हात थरथरतो वाटतं? कुणाला दाखवलंत? माझ्या मेव्हण्याला असंच होतं, साताऱ्याला एक वैद्य आहेत..." सगळं हॉटेल ऐकत होतं. त्यांनी फोन नंबर दिला, माझा घेतला, आणि नंतर दोनदा आठवणीने चौकशीही केली. त्यात प्रेमच होतं, मी नाही म्हणत नाही. पण त्या दिवशी वरण मी तसंच ठेवलं.

सेंदाई

निखिल विद्यार्थी असताना उत्तरेला सेंदाई शहरात सातो-सान नावाच्या बाईंच्या घरी वरच्या खोलीत राहत होता. बाई शाळेत संगीत शिकवायच्या, आता वय पंचाहत्तरीपुढचं. निखिलचे सासू-सासरे आलेत म्हटल्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. जावयाला परक्या देशात ज्या बाईने आजारपणात पेज करून घातली, तिच्यासमोर मला सांडायचं नव्हतं. गाडीत मी ओवीकडून वाट्या उचलायचा सराव करून घेतला.

सेंदाईचे रस्ते रुंद आहेत आणि दोन्ही बाजूंच्या उंच झाडांची पानं पिवळी झाली होती. सायकलवरून विद्यार्थी चालले होते. सातो-सान स्टेशनवर घ्यायला आल्या होत्या, बुटक्या, ताठ, डोक्यावर लोकरीची टोपी. जेवण त्यांच्या ओळखीच्या हॉटेलात होतं. चटईवर बसून, प्रत्येकापुढे वेगळं तबक, तबकात पाच-सात वाट्या. सगळं सुरळीत पार पडलं. शेवटी हिरव्या सोयाबीनच्या गोड पुरणात घोळवलेले मऊ गोळे आले. "अगदी मटारचं पुरण," सुनंदा म्हणाली आणि तिथल्या तिथे कृतीच्या चौकशीला लागली. जाताना मालक दारापर्यंत आले आणि वाकून उभे राहिले. मी मनात म्हटलं, जिंकलो.

पण मग घरी चहाला जायचं ठरलं होतं.

सातो-सानच्या घरात बुटकं टेबल, त्याभोवती उशा आणि कोपऱ्यात एक पियानो. सुनंदाने ठाण्याहून आणलेले बेसनाचे लाडू काढले आणि बाईंच्या बशीत एक ठेवला. त्यांनी हात जोडले आणि तो संपूर्ण खाल्ला. रिकामी बशी बघून सुनंदाने दुसरा वाढला. बाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा हात जोडले आणि तोही संपवला. सुनंदाचा चेहरा खुलला. तिने तिसरा वाढला. बाईंनी अर्ध्यावर थांबून एक खोल श्वास घेतला आणि नेटाने पुढे चालू ठेवलं. चौथ्याला सुनंदाचा हात डब्यात गेला तेव्हा निखिल कळवळून म्हणाला, "आई, पुरे! टाकणं वाईट दिसतं म्हणून त्या संपवतायत."

"अरे, आणि रिकामी बशी वाईट दिसते म्हणून मी वाढतेय!"

निखिलने हे जपानीत सांगितलं. सातो-सान पोट धरून हसायला लागल्या. सुनंदाने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. दोघींना एकमेकींचा एक शब्द येत नव्हता, पण दोघी बराच वेळ हसत होत्या.

मग चहा आला. हिरवा, गरम, बिनकानाच्या मातीच्या कपांत. कप साधे होते, पण जुने दिसत होते. मी दोन्ही हातांनी उचलला. सुनंदा माझ्या शेजारी, त्यामुळे लाडवांच्या गमतीत सगळे आमच्याचकडे तोंड करून बसले होते, आणि नेमका तेव्हाच हाताने घात केला. कप इतका हलला की चहा कडेवरून टेबलावर आणि टेबलावरून चटईवर गेला. केतकी उठायला लागली. मी म्हटलं, "माफ करा, माफ करा," तेही मराठीत.

सातो-साननी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या निखिलला विचारत होत्या की तो अजून आंघोळ करताना मोठ्याने गातो का. बोलता बोलता त्यांनी फडकं घेतलं आणि टेबल पुसलं. आधी स्वतःसमोरचं, मग सुनंदासमोरचं, मग ओवीसमोरचं, आणि त्याच ओघात माझ्यासमोरचं. जणू टेबल पुसायची वेळच झाली होती. फडकं बाजूला ठेवून त्यांनी सगळ्यांचे कप गोळा केले आणि पुन्हा चहा ओतला. पाचही मोठ्यांना आणि ओवीला, प्रत्येकाला अर्धाच कप.

"चहा संपला वाटतं त्यांच्याकडचा," सुनंदा माझ्या कानात कुजबुजली.

मलाही तसंच वाटलं. अर्धा भरलेला कप मी दोन्ही हातांत धरला. तो हलला, पण सांडायला आत काही नव्हतं. मी तो निवांत प्यालो. कप रिकामे झाले तशा बाईंनी किटली पुन्हा उचलली, आणि तेव्हा मला ती दिसली. किटली जड होती, उचलताना त्यांना दुसरा हात लावावा लागला. अजून चांगली भरलेली होती. त्यांनी पुन्हा सगळ्यांना अर्धा अर्धा कप ओतला, स्वतःलासुद्धा, आणि थोड्या वेळाने पुन्हा.

"पूर्वी भरून द्यायच्या चहा," निखिल म्हणाला, आणि मग स्वतःच्या अर्ध्या कपाकडे बघू लागला.

माझे डोळे भरून आले. एकट्या मला अर्धा दिला असता तरी मी आभारच मानले असते. पण मग तो माझा अर्धा कप झाला असता. त्यांनी तो सगळ्यांचा केला.

निघताना मी केतकीला विचारून घेतलेले आभाराचे शब्द म्हटले, चुकत माकत. चहाचा उल्लेख केला नाही, कारण त्यांनीही केला नव्हता. आम्ही गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत सातो-सान दारात उभ्या होत्या. मी मागे वळून पाहिलं की त्या वाकत होत्या. उरलेल्या लाडवांचा डबा त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

ठाणे

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी फोन वाजला. सुनंदाने उचलला, नाव बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "थांबा हं दिलीप भावजी, जागे आहेत."

रविवारी तेच हॉटेल, तेच कोपऱ्यातलं टेबल. दिलीप जरा अवघडूनच बोलत होता. "कसं काय झालं जपान?" वगैरे, पाहुण्याशी बोलावं तसं. ताटं आली. मी सोलकढीची वाटी दोन्ही हातांनी उचलली, तोंडाला लावली आणि भुरका मारला.

"हे काय जपानी सोंग?" दिलीप म्हणाला.

"सोंग नाही रे. हात थरथरतो माझा. चमचा तोंडापर्यंत पोहोचत नाही. त्या दिवशी टपरीवर चहा सांडला तो त्यामुळेच. म्हणून आलो नाही इतके दिवस."

दिलीपने हातातला घास ताटात ठेवला.

"म्हणजे तू माझ्यावर रागावला नव्हतास?"

"नाही."

"क्रिकेटवरून नाही?"

"अरे, नाही म्हणतोय ना."

"वर्षभर मी धरून बसलोय की एका फडतूस मॅचवरून मी तुला घालवला," दिलीप म्हणाला. "बायको रोज म्हणते, जाऊन पाय धर त्याचे. आणि तू हाताचं घेऊन बसलास होय रे?"

मी आपला लपून बसलो होतो आणि मला वाटत होतं, लपल्यामुळे फक्त माझंच जेवण बुडतंय. कुलकर्णी "माझ्या एका मेव्हण्याला असंच..." म्हणायला लागला, तेव्हा शशीने त्याला कोपराने ढोसलं. मग दिलीपने स्वतःची वाटी दोन्ही हातांनी उचलली आणि असा भुरका मारला की वेटर वळून बघायला लागला. मागोमाग बाकी दोघांनी मारले. सेंदाईची गोष्ट मी अजून कुणालाच सांगितली नव्हती.

जेवण झाल्यावर आम्ही कोपऱ्यावर गेलो. टपरीवाल्याने ओळखलं, हसला, आणि न विचारताच फुल चहाचे चार ग्लास पुढे मांडून किटली उचलली.

दिलीपने खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसायला लागला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "ते राहू दे. कटिंग दे. चार."

"साहेब, कटिंग? तुम्ही?"

"चौघांनाही."

अर्धा ग्लास मी दोन्ही हातांत धरून प्यालो. बाकीचे तिघं रस्त्यावरची रहदारी बघत प्याले. ग्लास रिकामे झाल्यावर दिलीपने ते टपरीवाल्याकडे सरकवले आणि म्हणाला, "अजून चार कटिंग."